गणितात बी.एस्सी. करून दोन वर्षांच्या एमसीएला जाताना

विचारणारी मुलगी उदगीरची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वडील मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानात मुनीम. एमसीए ही कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्समधली पदव्युत्तर पदवी. तिच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, बरे गुण पडलेत आणि कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातलं एखादं कॉलेज मिळेल असं दिसतंय. तिचे प्रश्न असे: दोन वर्षांत आयटीतलं शिक्षण पुरेसं होतं का? कॉम्प्युटर सायन्स न शिकता, कॉम्प्युटरचीच पदवी घेतलेल्या बीसीए-बीसीएसवाल्यांच्या वर्गात टिकता येईल का? कोणती टेक्नॉलॉजी धरावी? इंग्रजीचं काय? खर्च झेपेल का? आणि एकीकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू ठेवावा का?

मी दोन दशकांहून जास्त काळ पुण्यात डेटाबेसचं काम करते, नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते आणि एका कॉलेजात एमसीएला डेटाबेस शिकवायलाही जाते. त्यामुळे वर्गातली मुलंही रोज दिसतात आणि तीच मुलं मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसली की कशी दिसतात तेही ठाऊक आहे. माझं उत्तर आहे, जा. पण या दोन वर्षांचा हिशेब आधी नीट मांडून घे, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं केलं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष तुझ्यासारख्यांसाठीच असायचं: सी लँग्वेज, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, डिस्क्रीट मॅथ्स, कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते. बीसीए झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा. आता ते पहिलं वर्षच गेलं. सगळे एकाच ओळीत उभे राहतात आणि शिक्षक शिकवायला लागतात ते पूर्वीच्या दुसऱ्या वर्षापासून. कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी ब्रिज कोर्स ठेवतात, पण तो काही आठवड्यांत उरकतो. काही ठिकाणी मनापासून शिकवतात, काही ठिकाणी नुसती हजेरी होते.

त्यात कॅपच्या फेऱ्या लांबतात. वर्ग सुरू व्हायला बऱ्याचदा ऑगस्ट संपतो, कधी त्याहून उशीर होतो, म्हणून पहिलं सेम (सहामाही) आखूड. तिसरं सेम सुरू होतं न होतं तोच प्लेसमेंटसाठी कंपन्या यायला लागतात. चौथ्या सेमचा मोठा भाग बहुतेक विद्यापीठांत प्रकल्प किंवा इंटर्नशिपमध्ये जातो. म्हणजे पहिल्या मुलाखतीला बसशील तेव्हा तुझ्या गाठीशी जेमतेम वर्षभराचं शिक्षण असेल. वर्गातली निम्मीअधिक मुलं ‘प्लेसमेंटची तयारी दुसऱ्या वर्षी करू’ म्हणतात. तोवर वेळ निघून गेलेली असते.

एवढ्याशा वेळात सगळं शिकता येणार नाही. दहा गोष्टी वरवर शिकण्यापेक्षा चार गोष्टी तळापर्यंत शीक: एक प्रोग्रॅमिंग लँग्वेज, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, आणि ऑपरेटिंग सिस्टिम व नेटवर्क यांचा पाया. बाकीचे विषय परीक्षेपुरते केले तरी चालतील. मुलाखतीत मी रेझ्युमेवरची यादी वाचत नाही. यादीतल्या एकाच गोष्टीला हात घालते आणि ‘का?’ असं विचारत खाली उतरत जाते. दुसऱ्या ‘का?’ला उत्तर देणारी मुलं कमी असतात, तिसऱ्यापर्यंत टिकणारी फारच थोडी. त्या थोड्यांत कुठल्या कॉलेजचं कोण आहे हे मी नंतर बघते.

गणित झालेली मुलगी या कामात मागे नसते, हेही मनापासून सांगते. सिद्धता लिहिताना एकेक पायरी का खरी आहे हे तपासायची सवय तुला आहे. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, समजायला बीसीएवाल्यांना जो त्रास होतो तो तुला होणार नाही, कारण गणिती विगमन (इंडक्शन) तू आधीच केलं आहेस. रिलेशनल डेटाबेसचा सगळा पाया संच आणि संबंध यांवर आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तो मांडला तो गणिताच्याच भाषेत. तुला कमी पडेल ती हाताची सवय. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडणं, एरर वाचणं, चुकलेला प्रोग्रॅम दुरुस्त करत बसणं. ही सवय तासांनी येते, हुशारीने नाही.

ती लागावी म्हणून एकच प्रकल्प पहिल्या सेमपासून धर आणि दोन्ही वर्षं तोच वाढवत ने. कॉलेजात मुलं शेवटच्या महिन्यात ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा ‘ऑनलाइन शॉपिंग’ असं काहीतरी करतात, कित्येक जण तयार विकत आणतात. मी ते पाहून थकले आहे. त्यांनी हॉस्पिटलचं काउंटर एक दिवसही जवळून पाहिलेलं नसतं, म्हणून टेबलं खोटी असतात आणि अडचणी कधी येतच नाहीत. तुझ्या घरात मात्र खरं काम आहे. वडील रोज जी हिशोबपट्टी करतात, तीच घे. शेतकरी सोयाबीनचे कट्टे घेऊन येतो, वजन होतं, सौद्यात भाव ठरतो, हमाली-तोलाई वजा होते, आधी घेतलेली उचल वळती होते आणि उरलेली रक्कम हातात पडते. एवढ्याशा व्यवहारात एमसीएचा अर्धा अभ्यासक्रम दडला आहे. कसा ते सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या उत्तरात हाच भाग सगळ्यात कामाचा आहे.

सुरुवात पैशांपासून. नवखी मुलं रक्कम ‘फ्लोट’ या दशांश संख्यांच्या प्रकारात ठेवतात. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापून बघ, नेमकी ०.३ येत नाही. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो आणि एक-दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशांश पद्धतीत बसत नाही. दिवसाच्या शेकडो पट्ट्यांत अशा कणाकणाच्या चुका साचल्या की संध्याकाळी गल्ला जुळत नाही. म्हणून रक्कम पैशांच्या पूर्णांकात ठेवायची किंवा डेटाबेसचा ‘न्यूमेरिक’ प्रकार वापरायचा. आणि राउंडिंग कुठल्या पायरीवर करायचं, हे वडिलांना विचार. मुनीम ते कसं करतात याला कारण असतं आणि ते कारण कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

मग टेबलं. भाव शेतकऱ्याच्या टेबलात ठेवायचा की मालाच्या? दोन्हीकडे नाही, कारण तो त्या दिवसाच्या त्या सौद्याचा असतो. हमालीचा दर पुढच्या वर्षी बदलला तर जुनी पट्टी पुन्हा छापताना कुठला दर लागायला हवा? जुनाच. म्हणजे लावलेला दर पट्टीसोबत साठवायला हवा. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे कुठली माहिती कुठल्या टेबलात ठेवायची याच्या नियमांच्या, व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही ते या दोन प्रश्नांवर विचार करताना शिरतं.

नंतर वीज जाते. पट्टी लिहून झाली, उचल वळती करायची राहिली, आणि मध्येच लाइट गेली. शेतकऱ्याच्या खात्यात काय दिसेल? ट्रान्झॅक्शन याच प्रश्नासाठी असतं. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. हे वाचून सोडू नकोस, घडवून बघ. पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाक. दोन टर्मिनल उघड, दोन्हीकडे ‘बिगिन’ म्हण आणि दोन्हीकडून एकाच शेतकऱ्याची ओळ बदलायला जा. दुसरं टर्मिनल अडकून बसेल. पहिल्यात ‘कमिट’ केलंस की दुसरं सुटेल. मग दोन शेतकरी घे. एका टर्मिनलमधून आधी पहिल्याची ओळ बदल मग दुसऱ्याची, दुसऱ्या टर्मिनलमधून उलट क्रमाने. दोन्ही एकमेकांची वाट बघत थांबतील. पोस्टग्रेस साधारण सेकंदभर थांबून डेडलॉक ओळखतं आणि एकाचा बळी देऊन दुसऱ्याला मोकळं करतं. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की डेडलॉकवरच्या कुठल्याही प्रश्नाला अडखळणार नाहीस, आणि ‘टाळायचा कसा?’ याचं उत्तरही आपोआप येईल: सगळ्यांनी ओळी एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायच्या.

पुढे इंडेक्स, पुस्तकामागच्या सूचीसारखा. ‘जनरेट सिरीज’ वापरून खोट्या पट्ट्यांच्या दहा लाख ओळी तयार कर. मोबाइल नंबरावरून एक पट्टी शोध आणि त्या क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी ‘एक्सप्लेन अॅनलाइझ’ लाव. डेटाबेस सगळं टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचताना दिसेल. मग नंबरावर इंडेक्स बनव आणि तीच क्वेरी पुन्हा चालव. वेळेतला फरक पाहून तू चकित होशील. आता पहिला ‘का?’: इंडेक्स बी-ट्री, म्हणजे फांद्या फुटत जाणारी क्रमवार रचना, आहे म्हणून. दुसरा ‘का?’: पोस्टग्रेसचं एक पान आठ किलोबाइटचं असतं, त्यात काही शे नोंदी बसतात, म्हणून दहा लाख नोंदींचं झाड तीन पातळ्यांच्या आसपासच उंच होतं आणि तेवढीच पानं उघडावी लागतात. लॉगरिथम इथे प्रत्यक्ष दिसतो आणि तो तुला कुणी शिकवायची गरज नाही. तिसरा ‘का?’: आडनाव शेवटी असलेल्या नावात ‘पाटील’ शोधताना, सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह (आधी काहीही असलं तरी चालेल अशी खूण) लावलं, तर नावावर बनवलेला असाच इंडेक्स उपयोगी का पडत नाही? याचं उत्तर तू शोध. शब्दकोशात ‘ल’ने संपणारे शब्द शोधायला बसलीस तर काय होईल ते बघ.

‘नल’ वर, म्हणजे माहितीच नसलेल्या रिकाम्या जागेवर, एक संध्याकाळ घालव. नल बरोबर नल हे खरंही नसतं आणि खोटंही नसतं. ‘नॉट इन’ च्या यादीत एक जरी नल आलं तरी सगळं उत्तर रिकामं येतं. ज्यांनी कधीच उचल घेतली नाही अशा शेतकऱ्यांची यादी काढताना हे तुला हमखास भेटेल. मी मुलाखतीत हा प्रश्न विचारते आणि तो वाचून आलेली मुलं व भोगून आलेली मुलं यांच्यातला फरक लगेच कळतो.

आणि नावं मराठीत साठव. शहरातली मुलं या वाटेला जात नाहीत, म्हणून हा भाग तुझा स्वतःचा होईल. ‘विठ्ठल’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पायथॉन त्याची लांबी सहा सांगतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ते अठरा बाइट घेतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइटचं असतं आणि वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की वेगळे निघतात. मग एकाच कुऱ्हाडे काकांची दोन खाती तयार होतात आणि उचल एकात, पट्टी दुसऱ्यात. यावर उपाय आहे, युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन्ही तऱ्हा एकाच ठरलेल्या रूपात आणणं. तसंच क्रमाचं. युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. साधं सॉर्ट केलं तर यादी मराठी माणसाला चुकीची वाटते, तिथे आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, लावावं लागतं. एवढं स्वतः सोडवून मुलाखतीत शांतपणे समजावून सांगणाऱ्या मुलीला मी तरी परत पाठवणार नाही.

प्रकल्पाचा सगळा कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, ठेव आणि प्रत्येक कमिटला (इथे, नोंदवलेल्या बदलाला) एक-दोन ओळींचं कारण लिही. दोन वर्षांच्या कमिटचा तो इतिहास कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतो, कारण तो एका रात्रीत तयार करता येत नाही. सुट्टीत घरी गेलीस की वडिलांच्या शेजारी बसून एका दिवसाच्या पट्ट्या खऱ्याखुऱ्या त्यात भर. जे त्यांना अडेल ते दुरुस्त कर. नोकरीत आम्ही दुसरं काही करत नाही.

आता लँग्वेज. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, डॉट नेट, यावर मुलं महिने घालवतात. माझं मत सरळ आहे: ब्रिज कोर्सच्या काळात महिनाभर सी, कारण पॉइंटर आणि मेमरी डोळ्यांसमोर येतात, आणि नंतर जावा. पुण्या-मुंबईतल्या सर्व्हिस कंपन्या बँका आणि विमा कंपन्यांसाठी जी कामं करतात त्यांतलं खूपसं जावामध्ये, स्प्रिंग या तिच्या फ्रेमवर्कवर चालतं, म्हणून पहिली नोकरी मिळायला ती बरी पडते. दुसऱ्या कुणी पायथॉन सांगितलं तर तेही चूक नाही. दर तीन महिन्यांनी घोडं बदललं तर मात्र नुकसान होतं. एका लँग्वेजमध्ये हॅशमॅप (किल्लीवरून माहिती झटकन शोधून देणारी रचना) आतून कसा बनतो, दोन किल्ल्या एकाच खणात आल्या तर काय होतं, हे स्वतः लिहून पाहिलेली मुलगी दुसरी लँग्वेज काही आठवड्यांत उचलते.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लॅपटॉपवर लिनक्स टाक आणि रोजचं काम त्यावरच कर. प्रोसेस काय, थ्रेड काय, फाइलच्या परवानग्या काय, हे वापरून अंगवळणी पडतं. नेटवर्कसाठी एक छोटा सॉकेट सर्व्हर लिही आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं ते ‘डिग’ आणि ‘कर्ल’ या टर्मिनलवरच्या आज्ञा वापरून एकेक पायरी बघ. डीएनएस, टीसीपीचं हस्तांदोलन, टीएलएस, एचटीटीपी. हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातोय आणि पुढेही विचारला जाईल.

एआयच्या साधनांबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगायला हवं. चॅटजीपीटीसारखी साधनं आज असाइनमेंटचा कोड क्षणात लिहून देतात आणि वर्गातली बहुतेक मुलं तेच जमा करतात. मुलाखतीत कोरा कागद पुढे ठेवला की यांचा हात थांबतो. पहिलं वर्षभर तुझा नियम असा ठेव: आधी स्वतः लिहायचं, चुकायचं, एरर समजून घ्यायचा, आणि मग त्या साधनाला विचारायचं की माझ्या कोडमध्ये काय कमी आहे. समजावून घ्यायला ते फार उत्तम आहे. मराठीत विचारलंस तरी बऱ्यापैकी समजावतं, आणि ज्या मुलांना शिकवणी परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय झाली आहे. पण कंपन्यांमध्येही आता साधा कोड ही साधनं लिहायला लागल्यापासून, तो बरोबर आहे की नाही हे ओळखणारा माणूस हवा असतो. ती नजर स्वतः हजारो ओळी लिहिल्याशिवाय येत नाही.

गुणांकडे दुर्लक्ष करू नकोस. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, पदवी आणि एमसीए या सगळ्यांत साठ टक्के आणि एकही चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नको अशी अट घालतात. चाळणी मशीन लावतं. तिथे अडकलीस तर तुझा प्रकल्प कुणी बघणारही नाही. म्हणून जर्नल वेळेवर, इंटर्नल वेळेवर, आणि विद्यापीठाच्या मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून पेपर. पहिल्या चाचणीत अॅप्टिट्यूड असते, त्यात तुझं गणित उपयोगी पडेलच.

इंग्रजीची भीती मराठवाड्यातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या डोळ्यांत मला दिसते, आणि ती ज्या प्रमाणात छळते त्या प्रमाणात खरी नसते. आम्हाला वक्तृत्व नको असतं. ‘मी हे केलं, इथे अडलं, असं सोडवलं’ एवढं साध्या वाक्यांत सांगता आलं पाहिजे. क्रम असा ठेव: रोज रात्री, आज शिकलेली एक गोष्ट रूममेटला आधी मराठीत समजावून सांग. ती मराठीत धड सांगता आली नाही तर अडचण इंग्रजीची नाही, विषयाची आहे. ती जमली की तीच गोष्ट इंग्रजीत, मोडकीतोडकी का होईना, मोठ्याने बोल. आणि प्रकल्पाची माहिती सांगणारी फाइल इंग्रजीत लिहून ठेव, दर महिन्याला सुधार. वर्षभराने तुझीच पहिली आवृत्ती वाचून बघ. पुण्यातल्या मुलामुलींचं फाडफाड इंग्रजी ऐकून मागच्या बाकावर जाऊन बसू नकोस. पुढे बस आणि प्रश्न मराठीत विचार, पण विचार.

खर्चाकडे येते. तू आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी किंवा इतर मागास वर्ग यांपैकी कशात मोडत असशील आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही, म्हणून कुणी ‘चांगलं कॉलेज मिळवून देतो, थोडे पैसे भरा’ म्हणालं तर तिकडे वळू नकोस. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जातीचं व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आत्ताच तहसीलमधून काढायला टाक. दाखल्यावाचून योजना हुकलेल्या मुली मी दरवर्षी बघते आणि दरवेळी जीव तुटतो. विकास शुल्क, अनामत, मेस, राहणं हे मात्र घरूनच जाईल. त्यासाठी कर्ज काढावं लागलं तर तेवढ्यापुरतंच काढा.

लॅपटॉप नवा हवाच असं नाही. कंपन्यांतून उतरलेले, दुरुस्त केलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मिळतात. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असली की दोन वर्षं आरामात निघतात. घेताना बॅटरी आणि बिजागऱ्या तपास.

पुण्यात तुला एक गोष्ट नक्की भेटेल: ‘सहा महिने क्लास करा, आम्ही तीन वर्षांचा अनुभव दाखवून नोकरी लावून देतो’ म्हणणारे. गावाकडून आलेली, घरच्या परिस्थितीने घाईला आलेली मुलं यात सापडतात. खोट्या अनुभवाची पत्रं कंपन्या तपासतात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून कोण कुठे किती काळ कामाला होता हे उघड होतं, आणि रुजू झाल्यानंतर काही महिन्यांनीही काढून टाकतात. मग खऱ्या नोकरीची दारंही बंद होतात. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारी कुठलीही व्यक्ती, कुठलीही संस्था, तिथून उठून ये.

कॅम्पसमधून नाही झालं तर? असं होतं. ज्या वर्षी बाजार थंड असतो त्या वर्षी चांगल्या मुलींचंही होत नाही. तेव्हा चौथ्या सेममध्ये इंटर्नशिप कुठे करतेस याला महत्त्व येतं. मोठ्या नावापेक्षा जिथे प्रत्यक्ष काम हाती देतात अशी वीस-पंचवीस माणसांची कंपनी बरी. टेस्टिंग किंवा सपोर्टचं काम मिळालं तर नाक मुरडू नकोस. प्रॉडक्शनमध्ये रात्री अडकलेली क्वेरी शोधून काढता येणं हे शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही, आणि तिथून डेटाबेसकडे किंवा डेव्हलपमेंटकडे वळलेले कितीतरी लोक माझ्यासोबत काम करतात.

शेवटचा प्रश्न स्पर्धा परीक्षेचा. एमपीएससी आणि एमसीए एकत्र करू नकोस. दोन्हींना दिवसाचे सगळे तास लागतात आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमसीएची हजेरी लावणाऱ्या मुलींचं दोन्हीकडे अर्धं राहतं. पण घरच्यांना सरकारी नोकरीची आस आहे असं तू लिहिलं आहेस, तर त्यांना हे सांग: एमसीए झाल्यावर सरकारी बँकांत आयटी ऑफिसर होण्यासाठीची आयबीपीएस या बँकभरती संस्थेची स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षा देता येते. साध्या बी.एस्सी. गणितावर ती देता येत नाही. मुख्य परीक्षेत विषयाचाच पेपर असतो आणि त्यात डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स हेच विचारतात. म्हणजे वेगळा अभ्यास जवळजवळ लागत नाही, फक्त पूर्वपरीक्षेचं इंग्रजी, रीझनिंग आणि गणित वेगात सोडवायचा सराव हवा. तो चौथ्या सेममध्ये सुरू कर. जाहिरात आली की त्या वर्षीची वयाची आणि निकालाच्या तारखेची अट आधी वाच, अर्ज मग भर.

कॅपचं अलॉटमेंट लागेपर्यंतचे हे आठवडे तुझे आहेत. दाखले काढायला टाकून झाले की सी चालू कर, आणि मोंढ्यावर जाऊन वडिलांच्या कोऱ्या पट्टीपुस्तकातलं एक पान मागून आण.